आठवड्याचे नियोजन प्रार्थनेत कसे करावे

सकाळी प्रार्थना होते, रात्री डायरी भरली जाते आणि दोघांची गाठ पडतच नाही. मग बेत आधीच ठरलेला असतो आणि देवाकडे मागायला उरतो तो फक्त आशीर्वाद. दावीद राजाने मंदिर बांधायचा विचार बोलून दाखवला तेव्हा नाथान संदेष्टा लगेच म्हणाला, मनात आहे ते कर. त्याच रात्री देवाने नाथानाला निरोप देऊन परत पाठवले: मंदिर दावीदाचा मुलगा बांधील (२ शमुवेल ७). बेत चांगला होता, होकार देणारा संदेष्टा होता, तरी विचारायचे राहिलेच होते. म्हणून इथली सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: बेत अजून बदलता येतो तोवरच तो प्रार्थनेत आणायचा, आणि तोही कागदावर मांडून.

आधी यादीची वाटणी

डोक्यात असेल ते सगळे एका पानावर उतरवा आणि प्रत्येक गोष्टीपुढे एक खूण करा. ज्याबद्दल बायबलचे वचन स्पष्ट आहे, त्यापुढे ‘आ’, म्हणजे आज्ञा. घेतलेले पैसे परत करणे, आईवडिलांची काळजी, रागावलेल्या भावाशी समेट: इथे ‘देवाची इच्छा आहे का’ हा प्रश्नच नाही. बळ मागा आणि तारीख टाका. ज्यात दोन्ही मार्ग चांगले आहेत, त्यापुढे ‘मो’, म्हणजे मोकळीक. घराची साफसफाई शनिवारी करावी की सोमवारी, यासाठी स्वर्गातून उत्तराची वाट पाहू नये. देवाने दिलेली अक्कल वापरावी आणि पुढे जावे. उरते ते ‘शो’, म्हणजे शोध: नोकरी, लग्न, स्थलांतर, मोठा खर्च, मंडळीतली (चर्चमधली) नवी जबाबदारी. साधारण आठवड्यात ‘शो’च्या गोष्टी एकदोनच असतात. पाच-सहा झाल्या तर त्यातल्या काही आज्ञा असून आपण त्या टाळत आहोत का, हे तपासा.

आठवड्याची बैठक

दिवस आणि वेळ ठरलेली असावी, सुमारे ५० मिनिटे. फोन दुसऱ्या खोलीत. वही आणि पेन्सिल घ्या. पेन्सिलच, कारण शाईने लिहिलेले खोडायला मन तयार होत नाही.

पहिली १० मिनिटे एक स्तोत्र सावकाश वाचा आणि मागच्या आठवड्याचे पान उघडून उपकारस्तुती करा. हा भाग सर्वांत आधी गाळला जातो. तो गाळला की पुढची प्रार्थना नुसती मागण्यांची होते. पुढची १० मिनिटे यादी आणि खुणा. मग १५ मिनिटे एकेक ओळ मोठ्याने वाचून प्रार्थना करा आणि प्रत्येक ओळीनंतर थोडे थांबा. एखादे नाव, एखादे वचन किंवा टोचणी मनात आली तर शेजारी लिहून ठेवा, निर्णय लगेच करू नका. त्यानंतरची १० मिनिटे दिवस आणि तास ठरवायला. शेवटची पाच मिनिटे पान देवापुढे उघडे ठेवून, प्रभूची इच्छा असेल तर हे होईल, असे म्हणायला (याकोब ४:१५). याकोबाचा आक्षेप योजनेवर नव्हता. उद्याचे ठाऊक नसताना वर्षभराच्या व्यापाराची फुशारकी मारण्यावर होता.

दिवस आणि तास भरताना सुमारे पाचवा हिस्सा रिकामा सोडा. याईराच्या मरणोन्मुख मुलीसाठी त्याच्या घरी जाताना येशू वाटेत एका आजारी स्त्रीसाठी थांबला (मार्क ५). ज्याचा प्रत्येक तास भरलेला आहे, त्याला असे थांबणे जमत नाही, मग तो माणसांनाच अडथळा समजू लागतो.

रोज सकाळी या पानासाठी सात-आठ मिनिटे पुरेत: आजच्या ओळी वाचा, तीनच महत्त्वाच्या निवडा, बाकीच्या देवाच्या हाती सोपवा. ही मिनिटे वचनवाचनाच्या वेळेतून कापू नका. शांतवेळ, म्हणजे वचन आणि प्रार्थनेची रोजची वेळ, हळूहळू कामांची उजळणी होऊन बसते, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका आहे. वाचन आधी, वही नंतर.

मोठा निर्णय असेल तेव्हा

इथे नहेम्याचे पुस्तक बारकाईने वाचावे. पारसच्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याला यरुशलेमेच्या पडक्या तटाची बातमी यहुदी पंचांगाच्या किसलेव महिन्यात मिळाली, राजाशी बोलणे झाले नीसान महिन्यात. मधल्या सुमारे चार महिन्यांत त्याने उपास आणि प्रार्थना केली. पण राजाने ‘तुला काय हवे’ असे विचारताच त्याने मनात देवाची प्रार्थना केली आणि उत्तर दिले ते नेमके: किती काळ लागेल, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रे हवीत, वनरक्षक आसाफाकडून कशाकशासाठी लाकूड हवे. तिथे पोहोचल्यावर तीन दिवसांनी, रात्री, मोजकी माणसे घेऊन, कोणालाही न सांगता त्याने तटाची पाहणी केली. शत्रूंची धमकी आली तेव्हा प्रार्थनाही केली आणि पहाराही बसवला (४:९). काम ५२ दिवसांत पुरे झाले.

यावरून क्रम असा ठेवावा. निर्णयाची शेवटची तारीख लिहा. खर्च, वेळ, कोणावर काय भार पडेल, हे आकड्यांत मांडा. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशोब करावा, असे येशूनेच म्हटले आहे (लूक १४:२८). होकाराची आणि नकाराची कारणे दोन रकान्यांत लिहा. दोन-तीन प्रौढ विश्वासणाऱ्यांना दाखवा, त्यात एक तरी असा असावा की ज्याचा या निर्णयात काहीच लाभ नाही. मग तोच कागद घेऊन ठरलेल्या तारखेपर्यंत रोज प्रार्थना करा. मन खचलेले, कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा संत इग्नेशियस लोयोला यांचा १६व्या शतकातला सल्ला आजही तितकाच उपयोगी आहे.

कुठे चुकते

‘मनाला शांती वाटली’ एवढ्यावरच निर्णय घेणे. देवापासून पळणारा योना वादळात गाढ झोपला होता आणि पित्याची इच्छा पुरी करायला निघालेला येशू गेथशेमानेत व्याकूळ होता. शांती हा एक साक्षीदार आहे, वचन आणि सल्ला हे इतर दोन.

गिदोनासारखी लोकर पसरून खुणा मागणे. गिदोनाला शत्रूशी लढण्याची आज्ञा आधीच मिळाली होती, तरी त्याला पुन्हा खात्री हवी होती. देवाने त्याला सांभाळून घेतले, पण तो आपल्यासाठी नियम ठरत नाही.

प्रार्थनेआड लपणे. तांबड्या समुद्राकाठी देवाने मोशेला म्हटले, माझा धावा का करतोस, लोकांना पुढे चालायला सांग (निर्गम १४:१५). पाऊल स्पष्ट असूनही ‘अजून प्रार्थना करतोय’ असे उत्तर महिनोन्महिने येत असेल तर मूळ भीती आहे, आणि प्रार्थना तिच्याविषयीच करावी.

न विचारता शब्द देणे. दूरदेशाहून आल्याचे सोंग घेतलेल्या गिबोनकरांची बुरसट भाकर यहोशवाने पाहिली, परमेश्वराला विचारले नाही आणि करार केला. फसवणूक कळल्यावरही शपथ मोडता आली नाही (यहोशवा ९). म्हणून कोणालाही होकार देण्याआधी एक रात्र मागून घ्या.

पतीपत्नींनी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणून चर्चा बंद करणे. ‘मला असे जाणवते, तूही प्रार्थना करून पारख’ एवढेच म्हणावे. पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या यरुशलेमेतील सभेनेही ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ असेच लिहिले, आणि तेही भरपूर वादविवाद झाल्यावर (प्रे. कृत्ये १५).

बेत मोडला तर

पौलाला आत्म्याने आसिया प्रांतात वचन बोलू दिले नाही, बिथुनियातही जाऊ दिले नाही. तो घरी बसला नाही, चालत चालत त्रोवसला पोहोचला, तिथे रात्री दृष्टान्त झाला आणि सर्वांनी मिळून मासेदोनियाला जायचे ठरवले (प्रे. कृत्ये १६). म्हणून बंद झालेल्या ओळीवर काट मारा, शेजारी कारण लिहा आणि हाताशी असलेले पुढचे काम चालू ठेवा. एखादी ओळ सलग तीन आठवडे पुढे ढकलली गेली तर चौथ्या पानावर ती तशीच उतरवू नका. तिची खूण पुन्हा ठरवा: ‘आ’ असेल तर त्याच दिवशी सुरुवात करा, ‘मो’ असेल तर सोडून द्या, ‘शो’ असेल तर पाळकांकडे किंवा जाणत्या विश्वासणाऱ्याकडे घेऊन जा.