सागाची जाळी दिसली की पंप उचलता? या चुका टाळा

ऑगस्ट सरला की किनवट-माहूरकडचा साग दुरून करपल्यासारखा दिसू लागतो. बांधावर चार झाडं असलेला माणूस घाबरतो, दुकानातून मिळेल ते औषध आणतो. मीही आणलं होतं. झाड तीस फुटी, फवारा जेमतेम निम्म्यावर. उरलेलं औषध वाऱ्यानं माझ्याच तोंडावर.

चूक अळी ओळखण्यात होती. शिरा तशाच ठेवून मधला हिरवा भाग खाणारी, पानाची जाळी करणारी अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात जोर धरते. तोवर झाडाची वर्षाची वाढ बरीचशी उरकलेली असते, पुढं पानगळ होणारच असते. मोठ्या झाडावर तिच्यासाठी खर्च नको. पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या पालवीवर येणारी अळी वेगळी. ती पानाची कड दुमडून आत बसते आणि जाड शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. वाढीच्या ऐन दिवसांत झाड बोडकं होतं ते हिच्यामुळं. नव्या लागवडीत जूनपासून दुमडलेल्या कडा उघडून बघा.

दुसरी चूक, आपापलं बघणं. या अळीचा पतंग गट नंबर पाहून उतरत नाही. जंगलातली पालवी खाल्ली जातेय हे गुराख्याला आणि वनरक्षकाला आधी दिसतं, बांधवाल्याला मागाहून. वन व्यवस्थापन समितीची बैठक रोपं लावण्यापुरतीच का भरते, कोण जाणे! पालवी फुटताना एकदा बसा, कुणी कुठल्या बाजूला बघायचं ते ठरवा.

हुमणीत, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणाऱ्या अळीत, तर एकट्याचं काहीच चालत नाही. वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला तिचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून, गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एक मादी 50 ते 60 अंडी घालते. तुम्ही तुमचा लिंब झाडलात आणि शेजाऱ्यानं नाही, तर जुलैत मुळं तुमच्याही रोपांची जाणार. प्रकाश सापळा लावून दिव्याखालच्या घमेल्यात पाणी न घालणारे महाभाग तर सगळ्या शिवाराचे भुंगेरे घरी बोलावतात. दिवाही रात्रभर नको, मित्रकीटक मरतात. अंधार पडल्यावरचे दोन-तीन तास पुरे.

रोपवाटिकेत कच्चं शेणखत घालू नका, हुमणी त्यातच पोसते. कुजलेल्या खतातून मेटारायझियम, म्हणजे हुमणी मारणारी बुरशी, दिलं असेल, तर रोपांच्या मर रोगासाठी लगेच बुरशीनाशकाची आळवणी करू नका. त्यानं मेटारायझियमही मरतं, तीही बुरशीच आहे.