वॉकमन घरघरतो पण कॅसेट फिरत नाही? आधी बेल्ट बघा

प्ले दाबल्यावर मोटरचा आवाज येतो, चाकं मात्र ढिम्म. अशा वेळी दोष बहुधा आतल्या रबरी बेल्टचा असतो. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर तो सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. हा चिकटा फडक्याने पुसू नका, पसरतो. कापसाचा इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुली (बेल्ट ज्यावर बसतो ते छोटं चाक) आणि फ्लायव्हील (वेग सारखा ठेवणारं जड चाक) यांची खाच अगदी स्वच्छ करा. खाचेत कण राहिला तर गाणं डगमगत वाजतं.

बेल्टच्या मार्गावरून दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून 5 ते 8 टक्के कमी घेराचा बेल्ट घ्या. म्हणजे 200 मिमी मार्गाला साधारण 185 ते 190. जाडीही जुन्याइतकीच हवी. फार घट्ट बसवला तर मोटरवर ताण येऊन बेअरिंग झिजतं. साधं रबरबँड मुळीच नको, वेग सारखा बदलत राहतो.

उघडलंच आहे तर हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि कॅपस्टन (टेप ओढणारा बारीक दांडा) हेही अल्कोहोलने पुसा. बॅटरीच्या पत्र्यावर अल्कलाइन सेलचा पांढरा थर असेल तर तो व्हिनेगरच्या थेंबाने निघतो. नंतर अल्कोहोलने पुसून कोरडं करा. टेपचा वेग कमी-जास्त करणारा स्क्रू शेवटी, केसभरच फिरवा.