घरात पुराचं पाणी शिरलं? वकील मोफत मिळतो
ठाण्यात खाडीलगतच्या चाळीत पाणी शिरलं की आपण आधी चिखल उपसायला लागतो. त्याआधी मोबाइलवर फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेलं कपाट, बंद पडलेला फ्रिज. पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करू नका. आमच्या पंचनाम्यात शिलाई मशीनच राहून गेलं होतं. प्रतही मागून घ्या. पुढे भरपाई किंवा विम्याचा दावा अडला, तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा, नाहीतर १५१०० वर फोन करा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार पूरग्रस्तांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि हो, भिजलेल्या रेशनकार्डाची पानं ओढून सोडवू नका, सावलीत वाळू द्या.