वांडूर बीच, जॉली बॉय आणि आमचा फुकट गेलेला सोमवार

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेल बघतो, सावरकरांच्या कोठडीसमोर दोन मिनिटं गप्प उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी हॅवलॉक बेटाची बोट पकडतो, वांडूर प्लॅनमध्ये असलंच तर जॉली बॉय बेटाची बोट सुटते ती जागा म्हणून. आम्हीपण तसेच गेलो आणि नेमके सोमवारी गेलो. जॉली बॉय ज्या मरीन पार्कमध्ये येतं ते सोमवारी बंद! ड्रायव्हरने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तर पहिली गोष्ट, सोमवार सोडून जा.

पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) पासून वांडूर साधारण तीस किमी, टॅक्सी, भाड्याची स्कूटी नाहीतर सरळ लाल डब्यासारखी सरकारी बस. इथूनच महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क सुरू होतं, 1983 साली झालेलं, 15 बेटं आणि मधला समुद्र धरून 281 चौरस किमीच्या वर. पण उतरता येतं ते एकाच बेटावर, साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय आणि बाकीचे महिने रेड स्किन, म्हणजे आलटून पालटून प्रवाळाला जरा विश्रांती. त्यामुळे एजंटने पावसाळ्यात जॉली बॉय म्हटलं की समजून घ्या.

परमिट आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरमध्ये काढून ठेवा, सगळ्यांची ओळखपत्रं लागतात, बोटीचं तिकीट वेगळं. बोटी सकाळीच सुटतात त्यामुळे नाश्ता करून निवांत निघू वगैरे विसरा.

आता प्लॅस्टिक. जेटीवर बॅगा उघडून बघतात आणि खरंच बघतात हं, आपल्याकडच्या मॉलसारखं काठी फिरवून सोडत नाहीत. वेफर्स, बिस्किटांचे पुडे, कॅरीबॅग काही चालत नाही. बेटावर खायला काहीच मिळत नाही, म्हणून स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी आणि स्टीलच्या बाटलीत पाणी, आईच्या काळातली ट्रिप असते तशी. पोहायचे कपडे हॉटेलवरूनच आत घालून या, बाथरूमचं काम जेटीवरच उरकून घ्या.

बोट खारफुटीच्या मधून पाऊण-एक तास जाते, दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा हा भाग मला बेटाइतकाच आवडला, मोबाईल खाली ठेवून बघा. जॉली बॉयला धक्का नाहीये, मोठी बोट लांब थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय ठेवू नका, दगड वाटतो पण जिवंत असतो आणि फार हळू वाढतो. सनस्क्रीन थापण्यापेक्षा फुल बाह्यांचा टीशर्ट बरा.

दुपारी परत आलात की लगेच टॅक्सीत बसू नका. आमचा तो सोमवार फुकट गेला तो वांडूरच्या बीचमुळेच वसूल झाला. किनाऱ्यावर मोठमोठे उन्मळून पडलेले, वाळलेले ओंडके आहेत. 2004 च्या भूकंप-त्सुनामीत दक्षिण अंदमानची जमीन जवळपास मीटरभर खचली, किनाऱ्यालगतच्या झाडांच्या मुळाशी खारं पाणी आलं आणि ती उभ्याउभ्या मेली. एका ओंडक्यावर बसलो ते उठवेचना.

पोहायचं मात्र जपून, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत इथे आणि पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत. जाळीने आखलेल्या भागाबाहेर जायचं नाही, खाडीच्या तोंडाशी तर नाहीच, आणि अंधार पडायला लागला की गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही.

सूर्यास्त बघायचा असेल तर घड्याळ विसरा, वेळ आपलीच पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात पाच-सव्वापाचला सूर्य गेलेला असतो. बसने जाणार असाल तर परतीची शेवटची बस उतरतानाच विचारून घ्या.

आणि हो, निघताना पोरांचे खिसे तपासा. शंख आणि प्रवाळाचे तुकडे न्यायला कायद्याने बंदी आहे, एअरपोर्टवर बॅग उघडून काढून घेतात, आणि मग पोरगं फ्लाइटभर रडतं ते वेगळंच.