गणिती वित्तशास्त्राच्या एमएससीआधी काय काय हाताशी हवं

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं या विषयाचं विचारायला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेअर बाजाराचा कोणता क्लास लावू? कोणताच नको. ट्रेडिंगच्या क्लासच्या पाट्या नागपुरात धरमपेठेत काय नि सक्करदऱ्यात काय, सगळीकडे आहेत. पण प्रवेश परीक्षेत विचारतात ते गणित, आणि पुढे वर्गातही गणितच. अभ्यासासाठी डीमॅट खातं लागत नाही. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावांवरच्या सौद्यांत, उतरलेल्या दर दहा वैयक्तिक ट्रेडरांपैकी नऊहून जास्त तोट्यात गेले. फीचे पैसे तिथे घालू नका.

सगळ्यात जास्त वेळ प्रॉबॅबिलिटीला द्या. पत्ते आणि रंगीत चेंडूंची गणितं सुटतात म्हणजे विषय येतो असं नाही. कंडिशनल एक्स्पेक्टेशन, म्हणजे काही माहिती हाती आल्यावर काढलेली सरासरी, ही नुसती एक संख्या नाही, ते स्वतःच एक रँडम व्हेरिएबल असतं, हे पचलं पाहिजे. मार्टिंगेलचा, म्हणजे ज्याची उद्याची अपेक्षित किंमत आजच्याइतकीच असते अशा प्रक्रियेचा, सगळा डोलारा त्यावर उभा आहे. त्याच्याही आधी रिअल ॲनालिसिस. लिमिट इंटिग्रलच्या आत कधी नेता येते हे सांगणारं डॉमिनेटेड कन्व्हर्जन्सचं प्रमेय कुठे लागतं आणि कुठे फसतं, याची दोन-तीन उदाहरणं स्वतः रचून बघा. विद्यापीठाचा पेपर नोट्स घोकून निघत असेल, इथे तसं निघत नाही.

तयारी कुठवर आली हे तपासायला एक छोटं गणित. शेअर आज १०० रुपयांना आहे, उद्या १२० तरी होईल नाहीतर ९०. व्याज शून्य धरा. उद्या तो १०० रुपयांना घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, आज केवढ्याला? दोन तृतीयांश शेअर घ्या, त्यासाठी ६० रुपये उसने काढा. भाव वर गेला तर ८० वजा ६०, हाती २०. खाली आला तर ६० वजा ६०, शून्य. ऑप्शन देईल तेच. म्हणून किंमत ६६.६७ वजा ६०, म्हणजे ६ रुपये ६७ पैसे. भाव वर जाण्याची शक्यता नव्वद टक्के की दहा टक्के, हे कुठे आलंच नाही! ते का आलं नाही, यावर एक रात्र घालवा. काटोल-नरखेडकडची, संत्र्याच्या पट्ट्यातली पोरं यातला हक्काचा भाग लवकर पकडतात : फळ झाडावर असतानाच बगीचा ठरतो, व्यापारी इसार देतो, आणि भाव पडले की इसारावर पाणी सोडून निघून जातो. ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची आज मोजलेली किंमत, तो हाच.

ऑप्शनच्या किमतीचं ब्लॅक आणि शोल्स यांचं १९७३चं सूत्र म्हणजे हीच युक्ती क्षणाक्षणाला केलेली. त्यांच्या समीकरणात चल बदलले की उष्णतेचं समीकरण उरतं, तेव्हा पीडीईमधला (आंशिक विकलक समीकरणांमधला) तो धडा ऑप्शनला टाकू नका. (नागपूरच्या मे महिन्यात तो शिकायला वेगळी प्रेरणा कशाला?) लिनिअर अल्जेब्रात कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यू नीट करा, बाकी पुढे जमतं.

पायथन मात्र रोज थोडं. शून्य ते एक या काळाचे हजार तुकडे करा, प्रत्येक तुकड्यासाठी शून्य सरासरी आणि ०.००१ व्हेरिअन्सचा नॉर्मल आकडा काढा, आणि त्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करा. पुन्हापुन्हा चालवा, बेरीज एकाच्या आसपासच घुटमळते. इतोच्या सूत्रातलं, म्हणजे अशा यादृच्छिक हालचालींसाठीच्या चेन रूलमधलं, जादाचं पद इथूनच येतं. फळ्यावर येण्याआधी ते स्क्रीनवर पाहिलेलं बरं. खरे आकडे हवे असतील तर एनएसई या शेअर बाजाराची भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइल, फुकट उतरवता येते.

परीक्षेचं म्हणाल तर बरेच जण आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन गणित किंवा संख्याशास्त्राच्या एमएससीला जातात आणि हे विषय तिथे निवडतात. पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. निगेटिव्ह मार्किंग फक्त एकच पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना आहे; उत्तराचा आकडा भरायचा असेल तिथे कोरं ठेवू नका. आणि ओबीसीतून फॉर्म भरणार असाल तर राज्याचं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात आणि सेतूत तेव्हाच गर्दी उसळते, म्हणून कागद जुलैतच टाका.