समुद्रातली तेलगळती खरी किती? सांगलीत बसून अंदाज कसा काढावा

समुद्रात तेल सांडलं की पहिल्या दिवशी जो आकडा जाहीर होतो, तोच सगळीकडे फिरत राहतो. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटाच्या विहिरीतून आधी दिवसाला १,००० बॅरल जातंय असं सांगितलं, मग ५,०००. शेवटी सरकारी शास्त्रज्ञांनी सुरुवातीचा वेग ६२,००० बॅरल धरला. म्हणून हिशेब स्वतः करायला शिका. सांगलीतल्या माझ्या विद्यार्थ्यांकडून मी तो दरवर्षी करून घेतो.

सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रं फुकट मिळतात. चित्र उतरवा, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्या डागाची कड आखा, चौरस किलोमीटर काढा. त्या वेळचा वारा मात्र बघाच. वारा पडला की स्वच्छ पाणीही रडारला तेलासारखंच काळं दिसतं.

आता जाडी. सगळे इथेच चुकतात. मीही पहिल्यांदा पूर्ण डागाला एकच सरासरी जाडी लावली होती आणि आलेलं उत्तर कचऱ्यात टाकावं लागलं. रडारवरून जाडी कळतच नाही. त्यासाठी विमानातून किंवा बोटीवरून काढलेले रंगीत फोटो मिळवा आणि तवंगाचे रंगानुसार तुकडे पाडा. समुद्रप्रदूषणाबाबतच्या युरोपातल्या बॉन कराराची रंगसूची त्यासाठी वापरतात. दर चौरस किलोमीटरला रुपेरी चकाकी म्हणजे ४० ते ३०० लिटर, इंद्रधनुषी रंग ३०० ते ५,०००, धातूसारखी झाक ५,००० ते ५०,०००, आणि तेलाचा मूळ रंग तुटक दिसला तर ५०,००० ते २ लाख. सलग दिसला तर त्याहून जास्त.

डोळा तयार करायला समुद्रच हवा असं नाही. पावसाळ्यात मिरजेच्या एसटी स्टँडवरची डबकी बघा. तिथला रंगीबेरंगी तवंग म्हणजे इंद्रधनुषी पट्टा, जाडी जेमतेम ०.३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रश्शावरच्या तवंगाची जाडी मनात ठेवून समुद्राकडे बघाल तर फसाल.

समजा डाग ६० चौरस किलोमीटरचा आहे: ५० रुपेरी, ८ इंद्रधनुषी, दीड धातूसारखा, अर्धा तुटक मूळ रंगाचा. बेरीज येते सुमारे ३७ हजार ते २ लाख ३० हजार लिटर. तो शेवटचा अर्धा चौरस किलोमीटर नजरेतून सुटला तर खालचा आकडा थेट १२ हजारांवर येतो. म्हणून आधी जाड तेल शोधा, चकाकीत वेळ घालवू नका. आणि कृपा करून दोन्ही टोकं लिहा. मधला एकच आकडा देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

चॉकलेटी, घट्ट साय दिसली तर ही सूची तिथे लावू नका. त्यात पाणी मिसळलेलं असतं, कधी ७०-८० टक्क्यांपर्यंत. तिची जाडी प्रत्यक्ष मोजलेली असेल तरच तो भाग हिशेबात घ्या, पाणी वजा करून.

लिटरला १५९ ने भागलं की बॅरल मिळतात. पण हे फक्त त्या घटकेला तरंगणारं तेल. हलकं कच्चं तेल पहिल्या काही दिवसांतच बरंच उडून जातं, काही पाण्याखाली राहतं. म्हणून आकड्याशेजारी फोटोची तारीख, वेळ आणि ‘किमान’ हा शब्द लिहा.