अर्थशास्त्राचा प्रकल्प दोन हजार शब्दांत कसा बसवावा

टायपिंगला बसण्याआधी मार्गदर्शकांना दोन गोष्टी विचारा. दिलेली शब्दमर्यादा कमाल आहे की पाच-दहा टक्के मागेपुढे चालेल? तक्ते, तळटीपा आणि संदर्भसूची तिच्यात धरतात का? दर विभागाचा नियम वेगळा असतो. मित्राच्या कॉलेजात चाललं म्हणून आपल्याकडे चालेलच असं नाही.

समजा मर्यादा 2000 शब्दांची आहे आणि विषय आहे नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या दरांतील चढउतार. प्रस्तावनेला 200, उद्दिष्टं आणि पद्धतीला 300, आधीच्या अभ्यासांच्या आढाव्याला 300, विश्लेषणाला 900 आणि निष्कर्षाला 300 शब्द ठेवा. बहुतेक प्रकल्प प्रस्तावनेतच बिघडतात. संत्र्याचा इतिहास आणि 2014 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन यांत सातशे शब्द जातात आणि दर का पडले याला चारशेच उरतात. गुण मात्र विश्लेषणाला असतात. म्हणून विश्लेषण आधी लिहा, प्रस्तावना शेवटी.

वर्डमध्ये खालच्या पट्टीवर दिसणाऱ्या आकड्यात मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि तक्त्यांतला मजकूरही धरलेला असतो. फक्त मुख्य मजकूर निवडा, म्हणजे तिथेच त्या भागाचे शब्द दिसतात. ही मोजणी दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर चालते. त्यामुळे ‘शेतकऱ्यांसाठी’ एक शब्द आणि ‘शेतकऱ्यां साठी’ दोन; ‘10%’ एक आणि ‘10 %’ दोन. शब्दयोगी अव्यय नामाला जोडूनच लिहा. ते शुद्धही आहे आणि मोजणीही खरी येते. चित्र म्हणून चिकटवलेला परिच्छेद मोजला जात नाही, पण तपासणाऱ्याच्या तो लगेच लक्षात येतो. ही पळवाट नको.

फॉन्ट युनिकोडच हवा: मंगल, कोकिळा किंवा निर्मला. कोकिळा दिसायला बारीक असल्यामुळे त्याचा आकार थोडा वाढवा. टायपिंगवाल्याने कृतीदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये काम केलं असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर ‘ऱ्य’ असलेले सगळे शब्द एकदा डोळ्यांखालून घाला. चुका हमखास तिथेच राहतात. वेगळी सूचना नसेल तर कागद ए4, ओळींतलं अंतर दीड, डावीकडे बांधणीसाठी पावणेचार सेंटिमीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर समास ठेवा. अंतिम प्रत पीडीएफ करूनच छापायला द्या.

आता आकडे, आणि इथे घाई करू नका. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. तुलनेला सर्वसाधारण दर घ्या आणि तसं तक्त्याच्या शीर्षकातच लिहा. दर क्विंटलचा असतो, म्हणजे शंभर किलोचा. 2500 रुपये क्विंटल म्हणजे 25 रुपये किलो. हे एकक सुटलं, तर ठोक आणि किरकोळ दरांची तुलनाच कोसळते. बहर, म्हणजे झाडाला फुलं येण्याचे हंगाम, वेगळे दाखवा. आंबियाची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. दोन्हींची मिळून एकच सरासरी काढली की ज्या चढउताराचा अभ्यास करायचा आहे तोच पुसला जातो.

व्याजदर 4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेला तर वाढ 2 टक्के बिंदूंची किंवा 50 टक्क्यांची होते. तिला ‘2 टक्के वाढ’ म्हणणं चूक आहे. निर्देशांक वापरला तर आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाची पातळी 100 धरली आहे ते, लिहा. वेगळ्या आधारवर्षांचे आकडे एकाच तक्त्यात सरळ मांडता येत नाहीत.

तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली आणि दोन्हींखाली स्रोत. मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत किंमत उभ्या अक्षावर आणि नग आडव्या अक्षावर घ्या. प्रत्येक आकृतीचा क्रमांक मजकुरात एकदा तरी यायलाच हवा. ज्या आकृतीबद्दल लिहायला दोन वाक्यंही सुचत नाहीत, ती काढून टाका.